रस्त्यापलीकडची जनावरं

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

बुधवारी परदेशी पाहुणे येणार. चार माणसं, दहा दिवस. कोल्हापुरात शिवाजी पेठेत तालमीशेजारी दोन खोल्यांत एक संस्था आहे. भांडणं झालेल्या भागांतल्या माणसांना एकत्र आणून काहीतरी काम दाखवायचं, हा त्यांचा उद्योग. तिथल्या अनुजा मॅडम आज पुन्हा येऊन गेल्या. मूळच्या आजऱ्याच्या. डॉक्टरकी मोल्दोवा नावाच्या देशात शिकल्या, इथली परीक्षा व्हायची आहे, तोवर या संस्थेत आहेत. रशियन येतं, म्हणून दुभाषाही त्याच.

त्यांनी कागदावर नदी काढून दाखवली. नदीच्या उजव्या काठाला मोल्दोवा. डाव्या काठाला एक लांबट पट्टी, तिला ट्रान्सनिस्ट्रिया म्हणतात. पट्टीवाल्यांचं स्वतःचं सरकार आहे, पोलीस आहेत, नोटा आहेत, पण जगातला एकही देश त्याला देश म्हणत नाही. १९९२ साली लढाई झाली, शेकडो माणसं मेली, मग थांबली. तेव्हापासून तसंच आहे. दोन काठांवरच्या समोरासमोरच्या दोन गावांना मिळून दूध थंड करायचं केंद्र काढायचं आहे. दुधाचा सहकार कसा चालतो ते बघायला आमच्याकडं.

मी विचारलं, मान्यताच नाही तर बोलायचं कुणाशी? मॅडम म्हणाल्या, सरकारांचं बोलणं पुढं सरकत नाही, म्हणून तर ही माणसं बोलतात.

आमच्या दूध संस्थेच्या चेअरमन अमरसिंहांनी एकच अट घातली. पाहुण्यांना आपली संस्था दाखवायची, रस्त्यापलीकडं न्यायचं नाही. हे मला सांगायची गरज नव्हती. एकोणीस वर्षं मी सचिव आहे. रस्त्यापलीकडं संस्था नाहीच. संस्थेच्या २०१६ च्या निवडणुकीत बाळासो सात मतांनी पडला आणि साठ घरं घेऊन बाहेर गेला. पाटी लावली म्हणून संस्था होत नाही. नोंदणी नाही, दूध खाजगी टँकरला घालतात. त्यांच्या नोंदणीला आपण हरकत घेतली होती. ती मीच लिहिली. आजही वाचली तर एक शब्द बदलावासा वाटत नाही.

बायकोनं, शालूनं, आज खरवस केला. आमची म्हैस भाद्रपदात व्यालेली. चीक कुठला म्हणून तिला विचारलं तर म्हणाली, मिळाला. चांगला झाला होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाहुणे आले. नदीच्या दोन्ही काठांवरून दोन-दोन. लक्षात ठेवावीत अशी माणसं दोन. डाव्या काठाच्या लुदमिला, वय पंचावन्न, गावात दूध तपासायचं काम करतात. उजव्या काठाचे वासिले, जनावरांचे डॉक्टर, निवृत्त, अंगानं पैलवान. उरलेले दोघं शेतकरी आहेत, ते जेवतात आणि मान हलवतात. लुदमिला आणि अनुजा मॅडम आमच्या घरी, पुरुष संस्थेच्या वरच्या हॉलमध्ये.

पोलीस ठाण्यासाठी परदेशी पाहुण्यांची माहिती भरायची होती. चौघांचेही पासपोर्ट मोल्दोवाचेच. मी 'देश' या रकान्यात चार वेळा मोल्दोवा लिहिलं. लुदमिला बघत होत्या. मॅडमना काहीतरी म्हणाल्या. मॅडमनी सांगितलं, "त्या म्हणतात, पासपोर्टवर आहे ते लिहा. पण तो माझा देश नाही, प्रवासाला लागतो म्हणून घेतला आहे." मी म्हटलं, रकान्यात एवढं मावत नाही.

जेवताना वासिलेंना मीठ पाहिजे होतं. मीठ लुदमिलांच्या ताटापुढं. वासिलेंनी ते मागितलं मॅडमकडं, मॅडमनी घेतलं लुदमिलांकडून. एकाच ताटलीएवढ्या अंतरावर बसलेली माणसं, दोघांनाही रशियन येतं. तेहतीस वर्षं झाली लढाईला. इतक्या शिकलेल्या माणसांना हे शोभत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

संस्था दाखवली. सकाळचं संकलन, फॅट काढायचं यंत्र, दूध थंड करायचा बल्क कूलर, सभासदांचं रजिस्टर. लुदमिलांनी स्वतः नमुना तपासला, हात सफाईचा. वासिलेंनी जनावरांच्या कानातले पिवळे बिल्ले बारकाईनं बघितले. बारा आकडी नंबर, प्रत्येक जनावराचा वेगळा, हे त्यांना आवडलं.

बाहेर आल्यावर लुदमिलांनी समोरच्या इमारतीकडं बोट करून विचारलं, ते काय? मी म्हटलं, तिथं काही नाही. मॅडमनी भाषांतर केलं. लुदमिला तिकडं बघतच राहिल्या. नेमक्या त्या वेळी पलीकडं पंधरा-वीस बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या. लुदमिला काहीतरी बोलल्या. मॅडम आधी सांगेनात.

"सांगा की," मी म्हटलं.

"त्या म्हणतात, आमच्याबद्दलही असंच सांगतात."

मी मॅडमना म्हटलं, त्यांना नीट समजावून सांगा, इथला प्रश्न कायद्याचा आहे.

दुपारी पेपरचा वार्ताहर येऊन फोटो काढून गेला. बातमीला 'दोन दूध संस्थांच्या गावात परदेशी पाहुणे' असं शीर्षक देणार म्हणाला. संध्याकाळी फोन करून 'दोन' काढायला लावलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज हॉलमध्ये त्यांची बैठक. मी चहा-पाण्याला म्हणून गेलो आणि चार तास बसलो. केंद्राचा करार करायचा आहे, सगळं ठरलं आहे, जागा, यंत्रं, टँकरच्या वेळा. अडलं आहे ते पहिल्या ओळीवर. लुदमिला म्हणतात, आमच्या गावापुढं आमच्या देशाचं नाव पाहिजे, नाहीतर परत गेल्यावर मला देशद्रोही म्हणतील. वासिले म्हणतात, ते नाव असलेल्या कागदावर मी सही केली तर मला तेच म्हणतील. दोघंही आवाज न चढवता, एकमेकांशी नाही तर मॅडमकडं बघून बोलत होते. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. त्यापेक्षा हे वाईट.

मधेच लुदमिलांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडच्या गाड्यांना आधी नदीपलीकडं जाऊन पुढं युरोपात जाता यायचं नाही, कारण नंबरच्या पाटीवर न मानलेल्या देशाचं चिन्ह. मग बऱ्याच वर्षांच्या बोलण्यानंतर कोऱ्या पाट्या निघाल्या. चिन्ह नाही, झेंडा नाही, नुसता नंबर. भांडण आहे तिथंच आहे, पण गाडी जाते.

वासिले त्यावर म्हणाले, कागद म्हणजे गाडी नव्हे.

एवढ्या एका नावावरून चार तास. मला त्यांची कीव आली.

घरी आलो तर शालू विचारत होती, पलीकडं रेडी झाली ती बघितली का? मी म्हटलं, कुठं पलीकडं? तर विषय बदलला. बाळासो माझा दाजी. आक्का, माझी थोरली बहीण, त्याला दिली आहे. घर आमच्या दारातून दिसतं. नऊ वर्षांत मी त्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही, तीही इकडं आलेली नाही. तिच्या गोठ्यातलं शालूला कसं कळतं कुणास ठाऊक. बायकांना कळतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शालू लुदमिलांना मळा दाखवायला घेऊन गेली. मी संस्थेत होतो. तासाभरात लुदमिला एकट्याच भराभर येताना दिसल्या, पण मळ्याच्या वाटेनं नव्हे, पलीकडून, रस्ता ओलांडून. माझ्याकडं न बघता जिना चढून हॉलमध्ये गेल्या. मॅडमना हाक मारली नाही, थेट वासिलेंशी बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वासिले उठले, बूट घातले आणि त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडून गेले.

मॅडम धावत आल्या. "सचिव, पलीकडं एका म्हशीच्या तोंडातून लाळ गळतेय. लुदमिलांनी बघितलं. तोंडात फोड आहेत, पाय टाकत नाही."

लाळ्या-खुरकत. कुणाची म्हैस हे विचारायची गरज पडली नाही, वासिले आक्काच्या गोठ्यात शिरताना दिसत होते. मी रस्त्याच्या कडेपर्यंत गेलो. तिथं उभा राहिलो. पुढं जाऊन मी करणार तरी काय होतो, डॉक्टर आत होताच.

वासिले परत आले ते धुण्याच्या सोड्यानं हातपाय धुऊनच. आणखी दोन घरांत तीच लक्षणं. त्यांनी विचारलं, गावात लस कधी दिली? मी म्हटलं, जानेवारीत. यादी मागितली. दाखवली. दोनशे चौदा जनावरं. त्यांनी विचारलं, गावात एकूण किती? मी म्हटलं, साडेतीनशेच्या आसपास.

"यादी कुणी केली?"

"मी."

जे झालं ते इथं नीट लिहून ठेवतो. जानेवारीत सरकारी डॉक्टरांनी मला गावातल्या जनावरांची यादी मागितली होती. मी आमच्या सभासदांची दिली. पलीकडचे सभासद नाहीत. त्यांनी मागितली असती तर नावं घातली असती. त्यांनी मागितली नाही. डॉक्टरांना वाटलं गाव झालं.

वासिले खुर्चीवर बसले. नंतरचं मॅडम वाक्यावाक्यानं सांगत गेल्या. ते म्हणाले, लढाईनंतरच्या वर्षी मी तालुक्याचा डॉक्टर होतो. माझ्याकडं दोन्ही काठांना पुरेल एवढी लस होती. वरून सांगितलं, पलीकडचा भाग आता आपल्याकडं नाही, तिकडं जाऊ नका. मी गेलो नाही. कुणी बंदूक लावली नव्हती. पूल उघडा होता. लस फ्रीजमध्ये मुदत संपेपर्यंत राहिली.

लुदमिला दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्या वर्षी आमच्या अकरा गाई गेल्या. माझ्या वडिलांनी त्या स्वतः पुरल्या."

वासिलेंना हे माहीत नसावं. मॅडमनी दोन्ही वाक्यं मला मराठीत सांगितली. मला सारखं वाटत होतं, हे माझ्यासमोर कशाला बोलतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सरकारी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, निरोगी जनावरांना तातडीनं टोचू, लस उद्या आणतो, पण राहिलेल्या प्रत्येक जनावराची यादी आज द्या. पलीकडच्यांची यादी बाळासोकडं. अमरसिंहांना विचारलं. म्हणाले, त्यांना अर्ज करू दे, आपल्या संस्थेच्या नावे.

मी दहा वाजता रस्ता ओलांडला. बाळासो ओट्यावर होता. केस सगळे पांढरे झालेत. बस म्हणाला नाही. मी उभ्यानंच सांगितलं.

"यादी देतो की," तो म्हणाला. "वर आमच्या संस्थेचं नाव लिव्हायचं. तुमच्या नावाखाली आमची जनावरं न्हाय जाणार."

मी म्हटलं, "दाजी, फॉर्मवर नोंदणी नंबरचा रकाना हाय. तुमच्याकडं नंबर न्हाय."

"का न्हाय, ते तुला ठावं हाय."

गोठ्यातून आक्काचा आवाज येत होता, म्हशीला तुरटीच्या पाण्यानं चूळ भरवत होती. ती बाहेर आली नाही. मी परत आलो. पंधरा मिनिटं टेबलाशी बसलो. समोर पाहुण्यांचा तो अर्धवट करार पडला होता, पहिली ओळ खोडलेला. परवा मी ज्यांची कीव केली त्यांच्याच जागी बसलोय असं वाटलं. बरं वाटलं नाही.

मग लुदमिलांच्या त्या कोऱ्या पाट्या आठवल्या. परत गेलो.

"दाजी, माणसांची नावं नकोत. संस्था तुमची नको, आमचीबी नको. बिल्ल्याचे नंबर लिहू. कानातलाच नंबर तेवढा. रकाना कोरा."

"डाक्टर चालवून घेतील?"

"त्यांना जनावर पाहिजे. रकान्याशी काय घेणं."

"मग तू लिव्ह, मी वाचतो," बाळासो म्हणाला, आणि चष्मा शोधायला आत गेला.

घरोघरी फिरलो. मी, बाळासो, मॅडम आणि वासिले. तो नंबर वाचणार, मी लिहिणार. एकशे छत्तीस जनावरं. एका गोठ्यातून दुसऱ्यात जाताना वासिले सगळ्यांचे पाय सोड्याच्या पाण्यात बुडवायला लावत होते, बाळासोचेही. तो तक्रार न करता बुडवत होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल आणि आज लसीकरण झालं. तेवीस जनावरं आधीच आजारी होती, ती सोडली. दोन्ही संकलनं चार दिवस दारातूनच, बायकांनी एका जागी गोळा व्हायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे शालू आणि आक्कानं ठरवलं, आणि दोन्ही बाजूंच्या बायकांनी ऐकलं. मला वाटलं होतं ऐकणार नाहीत.

अमरसिंह आज संस्थेत आले आणि माझ्याशी न बोलता गेले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आक्काची रेडी मेली. बारा दिवसांची होती. म्हैस वाचेल म्हणतात, पण दूध आटलं.

पाहुण्यांचा करार झाला नाही. दुपारी वासिलेंना घरून फोन आला, सही करू नका म्हणून, त्यानंतर ते बाहेर कट्ट्यावर बसून राहिले. लुदमिला त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. पूर्वी मधे मॅडम असायच्या, आज नव्हत्या. दोघांनी मिळून एक कागद लिहिला, पण तो करार नव्हे. मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, दोन्ही गावांत वर्षातून दोनदा एकाच आठवड्यात लस द्यायची, त्याच्या तारखा आहेत. वर नाव नाही, खाली सही नाही.

मी म्हटलं, मग त्याला अर्थ काय?

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या यादीला होता तेवढा."

२२ फेब्रुवारी, शनिवार

पाहुणे गेले. लुदमिलांनी शालूला मिठी मारली, दोघी रडल्या. दहा दिवसांत एका शब्दाचं बोलणं नाही, रडायचं कारण कळलं नाही. वासिलेंनी माझा हात धरून काहीतरी लांबलचक सांगितलं. मॅडम तोवर गाडीत बसल्या होत्या, त्यामुळं ते तसंच राहिलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज आक्काकडं गेलो. आत गेलो. तिनं पाट दिला, पाणी दिलं. म्हैस आता चारा खाते.

मी म्हटलं, "आक्का, जानेवारीतली यादी म्या केलती. तुमची नावं म्या घातली न्हाईत."

ती म्हणाली, "ठावं हाय. शालूनं तवाच सांगितलंतं. म्या ह्यांना म्हनलं, जावा, मागा. हे म्हनले, त्यांच्या यादीत बसायचं न्हाय. तू लिव्हलं न्हाईस, ह्यांनी मागितलं न्हाय. दोघंबी शाणी."

रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी रेडीबद्दल काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाली, चहा घे.

घरी येऊन शालूला विचारलं, तू आक्काकडं कधीपासून जातेस?

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "थांबले कवा व्हते?"

नऊ वर्षं. मळ्याच्या वाटेनं, रोज. गावातल्या निम्म्या बायका तशाच जातात म्हणे. सगळ्यांना माहीत होतं. मला आणि बाळासोला सोडून.

४ मार्च, मंगळवार

संचालक मंडळाची बैठक. एकच विषय, सचिवांनी मंडळाला न विचारता बिगरसभासदांची यादी दिली. अमरसिंह म्हणाले, आज यादी दिलीत, उद्या त्यांना नोंदणी द्या म्हणाल. मी म्हटलं, त्या वेळी माझ्या डोक्यात नोंदणी नव्हती. आता विचारलंत म्हणून सांगतो, ती हरकत मी आज लिहिली नसती.

हे म्हणायचं ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून गेलं.

नऊ विरुद्ध दोन. सचिवपद काढून घेतलं. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. माझ्या बाजूनं हात वर करणाऱ्या दोघांपैकी एक आकाराम, ज्यानं २०१६ मध्ये बाळासोच्या दारात दगड मारला होता. त्याला बाहेर आल्यावर विचारलं, तू का? म्हणाला, माझ्या सासुरवाडीची म्हैस होती त्या तेवीसांत.

दुपारी काही करायला नव्हतं. एकोणीस वर्षांत अशी दुपार आठवत नाही. शालू म्हणाली, झोपा. झोप आली नाही.

९ मार्च, रविवार

अनुजा मॅडमचा फोन. वासिलेंना त्यांच्याकडच्या पेपरात नावं ठेवली, लुदमिलांना त्यांच्याकडच्या पोलिसांनी दोनदा बोलावलं, विचारपूस करून सोडलं. केंद्राचं अजून काही नाही. लसीची पहिली तारीख एप्रिलात आहे, दोघंही त्या तारखेवर ठाम आहेत.

मी माझं सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्यामुळं झालं का? मी म्हटलं, नाही. तुम्ही आला नसता तरी रोग आला असता. मी काय केलं असतं ते मात्र सांगता येत नाही.

२० मार्च, गुरुवार

दुसरा डोस द्यायची वेळ झाली. संस्थेच्या नव्या सचिवांनी फक्त सभासदांची यादी दिली, असं डॉक्टरांनी काल फोन करून सांगितलं. म्हणाले, बाकीच्यांचं काय करू? मी म्हटलं, तुम्ही लस आणा.

सकाळी सातला बाळासो दारात उभा राहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आत आला नाही, "चल" म्हणाला. बिल्ल्यांची वही माझ्याकडंच होती. त्यातली एकशे छत्तीस जनावरं, शिवाय आमच्या बाजूची. नव्या सचिवांच्या यादीतही काही राहिलीच असणार, म्हणून सगळं गाव घ्यायचं ठरलं. डॉक्टर पुढं, आम्ही दोघं मागं. बाळासो म्हैस दाव्याला आवळतो, मी नंबर बघतो. त्याला चष्म्यातूनही कमी दिसतं आणि मला दुसऱ्यांच्या म्हशींची भीती वाटते, हे दोघांनी आज एकमेकांजवळ कबूल केलं.

दुपारपर्यंत अठ्ठ्याऐंशी झाली. वरच्या गल्लीत बनाबाईचं घर आहे. कट्टर आमच्या बाजूची, नवरा पहिल्या मंडळात संचालक होता. बाळासोला दारात बघून ती चौकटीत आडवी उभी राहिली. मग माझ्याकडं बघितलं. किल्ल्या गेल्याचं तिला कळलेलं असणार.

"किस्ना, तू आता सचिव न्हाईस," ती म्हणाली. "आनि ह्यो तर कुनीच न्हवं. मग तुमी आलाय कुनाच्या वतीनं?"

बाळासो माझ्याकडं बघायला लागला. डॉक्टर सुई भरून उभे होते.

"कुनाच्याच न्हाय," मी म्हटलं. "म्हैस धरा."

तिनं धरली.